उघडता येणारी सायकल

सेकंड हँड फुल सस्पेन्शन फ्रेम, म्हणजे पुढचं आणि मागचं दोन्ही चाकं धक्का झेलत वरखाली होतात अशा सायकलचा सांगाडा, बघायला जाल तेव्हा रंग, स्टिकर, किंमत हे सगळं नंतर. आधी एका हाताने सीट ट्यूब घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने मागचं चाक धरणारा, सांध्यांवर हलणारा मागचा ट्रँगल धरायचा आणि आडवा हलवून बघायचा. त्या सांध्यांमधली बेरिंगं गेलेली असली तर एक बारीक धक्का लागतो, कानाला ऐकू येत नाही पण बोटांना कळतो. मी घेतलेल्या फ्रेमला तो चांगलाच कळत होता आणि तरी मी ती घेतली, कारण बेरिंग ही बदलायचीच वस्तू आहे, आज ना उद्या बदलावी लागणारच. ॲल्युमिनियमला गेलेली चीर मात्र बदलता येत नाही, त्यामुळे बॅटरी लावून जे काय बारकाईने बघायचं ते वेल्डपाशी बघायचं.

फ्रेम पुण्यातल्या एका मुलाकडची. त्याने ती तिकडच्या टेकड्यांवर मनसोक्त चालवली होती आणि आता त्याला २९ इंची चाकांची नवीन सायकल घ्यायची होती. ही साडेसत्तावीस इंची, ॲल्युमिनियमची, मागे १३० एमएम ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक तेवढं वर येतं, मागचा ॲक्सल १४२ बाय १२, म्हणजे चाकाच्या मधल्या हबची रुंदी १४२ एमएम आणि आसाची जाडी १२. २०१५ च्या सुमारास बूस्ट म्हणजे १४८ एमएमचे मागचे हब आले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्या तिकडे वळल्या, त्यामुळे १४२ च्या चांगल्या चांगल्या फ्रेम लोकांकडे नुसत्या पडून असतात. सहा एमएमचा फरक आहे. चालवताना तो मला तरी जाणवत नाही, किमतीत मात्र भरपूर जाणवतो. नवीन फुल सस्पेन्शन सायकल दोन लाखांच्या आसपास किंवा त्याच्या वरच जाते, तेवढे पैसे एकदम काढणं मला शक्य नव्हतं, पण महिन्याला एक-एक पार्ट घेत जाणं शक्य होतं.

तर जुन्या चादरीत गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून ती मालवणला आणली. सकाळी आईने खळ्यात चादर सोडली आणि म्हणाली, "सायकल हाडतंय म्हणत होतंस मा? हेका चाकां खंय?" चाकं, पुढचं चाक धरणारा फोर्क, हँडल, सीट, चेन, ब्रेक, काहीच नव्हतं. होती ती फक्त फ्रेम, मागचा एअर शॉक, म्हणजे धक्का झेलणारी हवेची नळी, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ॲक्सल नि एक जास्तीचा हँगर. तो हँगर बघूनच मी व्यवहार पक्का केला होता. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर ज्या छोट्याशा तुकड्यावर बसतो तो हँगर, सायकल पडली की तो वाकावा किंवा मोडावा म्हणजे फ्रेम वाचते अशीच त्याची योजना असते, आणि जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा तो वेगळा. जुन्या मॉडेलचा हँगर शोधत फिरणं हे फार चिवट काम आहे. ज्याने जास्तीचा हँगर जपून ठेवलाय त्याने सायकलही जपली असणार, असा माझा साधा हिशोब.

आता कोकणात फुल सस्पेन्शन कशाला, हे मला खूप जणांनी विचारलं. सागरी महामार्गावर चालवायची असेल तर खरंच नको. पण मालवण सोडून थोडं आत शिरलं, डांबर संपलं की इथली जमीन वेगळीच आहे. वर कातळाचा सडा, जांभा. लांबून सपाट दिसतो, पण पावसाने वरचा मऊ भाग वाहून जातो आणि लोखंडाच्या कठीण गाठी तेवढ्या वर राहतात, मधेमधे भोकं, मधेमधे धारदार कडा. सड्यावरून वाडीत उतरायला घाटी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्या, त्याही एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर दुसरी हातभर, पिढ्यानपिढ्या माणसं आणि गुरं चालून मधे झिजलेल्या. खाली दोन गडग्यांच्या मधून जाणारी पाणंद, त्यात काजूची मुळं, एप्रिलमध्ये त्यावर आंब्याच्या पाल्याचा थर आणि त्या थराखाली काय आहे ते चाक गेल्यावरच कळतं. मग व्हाळ म्हणजे ओढा, त्यावरचा साकव, परत चढ. इथे मागचं चाक टणाटण उडणाऱ्या सायकलवर माझी पाठ तर जायचीच, पण खरा त्रास तो नव्हे. उडालेलं चाक जमिनीला धरत नाही. हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक कितीही दाबा, तो काय थांबवणार? आणि चढावर पॅडल मारताना तेच चाक उडालं की जोर फुकट. मागचं सस्पेन्शन म्हणजे आराम असं बरेच जण धरून चालतात, माझ्या मते ती मुख्यतः चाक जमिनीला चिकटवून ठेवायची व्यवस्था आहे, आराम हा सोबत मिळतो.

हा सगळा खेळ ज्यांनी सुरू केला त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत माउंट टॅमलपायसच्या आसपास काही मुलं जुन्या जाडजूड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची, १९७६ मध्ये त्यांनी रिपॅक नावाची उताराची शर्यत चालू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असायचा, पॅडल उलटं मारलं की लागणारा, आणि एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग खाली पोचल्यावर हब उघडायचा, पुसायचा, ताजं ग्रीस भरायचं, की परत वर. पुढे १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बायकिंग आलं, कार्बन आलं, इलेक्ट्रॉनिक गिअर आले. मला त्या सगळ्यात सगळ्यात जवळचं वाटतं ते डोंगराच्या पायथ्याशी बसून हब उघडणं. कारण इथे किनाऱ्यावर राहून मला हेच पटलंय की जी वस्तू आपल्याला उघडता येते तीच टिकते.

खारी हवा काय करते ते बघायचं असेल तर कुठलाही स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये सुका बसवा आणि दोन पावसाळे जाऊ द्या. दोन वेगळे धातू, त्यांच्यामध्ये मिठाचं पाणी, झाली तयार बॅटरी. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, बोल्ट मात्र शाबूत राहतो. आट्यांमध्ये पांढरी पूड साठते, ती फुगते आणि बोल्ट असा बसतो की पान्ह्याने डोकं तुटेल पण तो फिरणार नाही. स्टेनलेसचा बोल्ट लावला म्हणजे सुटलो असं वाटतं, पण स्टेनलेसशेजारी ॲल्युमिनियम आणखीच झिजू शकतं. उपाय एकच, मधे ग्रीस किंवा अँटीसीझ, म्हणजे बोल्ट अडकून बसू नये म्हणून लावायची पेस्ट, भरपूर लावायचं, म्हणजे मिठाचं पाणी आत येत नाही, आणि वर्षातून एकदा खोलून परत लावायचं.

आणि हे काही मी शोधून काढलेलं शहाणपण नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, तळाचे शिंपले खरवडतात, इंजिन उतरवून खोलतात, आणि नारळी पौर्णिमेला परत दर्या. त्याच्या आधी मे महिन्यात घरावरचे नळे परतायचे, फुटके काढायचे, वाळवी लागलेला वासा बदलायचा. तीन हजार एमएमच्या वर पाऊस पडतो तिथे कुठलीही गोष्ट एकदा करून विसरता येत नाही. माझी आजी ज्या घरात राहिली त्या घराचा एकही नळा तिच्या लग्नाच्या वेळचा नसेल, पण घर तेच होतं. फ्रेम घेतल्यावर मी पार्ट निवडताना हाच एक प्रश्न धरून बसलो. हे मला घरी खोलता येईल का, आणि आतला झिजणारा भाग कुडाळ-कणकवलीत मिळेल का?

पहिले काही दिवस नुसतं धुणं चाललं. साबण, जुना दातांचा ब्रश, मग रॉकेलसारखं काहीतरी, मग परत साबण. धुताना शॉकच्या माउंटजवळ वेल्डला लागून केसासारखी एक काळी रेष दिसली. माझ्या पोटात गोळाच आला. पुसून जात नव्हती, नखाला किंचित लागत होती. रंगाला चीर आहे की धातूला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. कुडाळ एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, आमच्या जुन्या ओळखीचे, त्यांच्याकडे फ्रेम घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती रेष बघितली आणि म्हणाले, "रंग काढल्याबिगर कळाचा नाय." शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे डाय पेनिट्रंटचे डबे होते, टाकीचे वेल्ड तपासायला वापरतात ते. तेवढ्या भागातला रंग बारीक पॉलिश पेपरने काढला, नागडं ॲल्युमिनियम दिसू लागलं, त्यावर लाल डाय मारला, दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला, पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेष होऊन वर येतो. आम्ही तिघं त्या दोन इंचांकडे बघत उभे. पांढरंच राहिलं. चीर रंगाला होती, धातू धड होता. काकांनी डबा परत करताना एवढंच म्हटलं, "आता लाव काय्येक." तेवढा भाग आजही बिनरंगाचा आहे, वर फक्त क्लिअर लॅकर मारलाय, म्हणजे पुढे काही झालंच तर लगेच दिसेल.

मग बेरिंगं. माझ्यासाठी या सगळ्या कामाचा गाभा हाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझी फ्रेम फोर-बार जातीची, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या चार भागांची, चेनस्टेवर, म्हणजे चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे एक पिव्हट म्हणजे हलता सांधा आहे. हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन माणसाची ही रचना, तिचं पेटंट १९९८ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीने घेतलं आणि २०१३ मध्ये ते संपल्यावर बाकीच्यांनाही अमेरिकेत ती मोकळेपणी वापरता येऊ लागली. ब्रेक लावल्यावरही सस्पेन्शन बऱ्यापैकी मोकळं राहतं हा तिचा फायदा, आणि बेरिंगं जास्त लागतात हा तिचा खर्च. मुख्य पिव्हटमध्ये दोन ६९०२, बाकी ठिकाणी ६९००. हे नंबर कळले की अर्धी भीती जाते. ६९०२ म्हणजे आतलं भोक १५ एमएम, बाहेरचा व्यास २८, जाडी ७. ६९०० म्हणजे १०, २२, ६. जगात कुठेही, कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. सायकलची कंपनी उद्या बंद पडली तरी ६९०२ मिळणार.

जुनी काढताना बघितलं, मुख्य पिव्हटचं एक बेरिंग हातात फिरवलं तर ठरावीक जागी अडकायचं, पुढे जायचं, परत तिथेच अडकायचं. पंपाचं किंवा मोटरचं बेरिंग पूर्ण फिरतं, त्यामुळे झीज सगळीकडे वाटली जाते आणि ग्रीसही फिरत राहतं. सस्पेन्शनचं बेरिंग आयुष्यभर काही अंशच मागेपुढे होतं. तेच छर्रे, तीच जागा, त्याच जागेवर सगळा भार. ग्रीस बाजूला ढकललं जातं ते परत येत नाही, आणि पाणी आत शिरलं की छर्ऱ्याच्या खाली गंजाची खाच पडते. म्हणून खास पिव्हटसाठी बिनपिंजऱ्याची बेरिंगं बनवतात, छर्रे खच्चून भरलेली, म्हणजे भार जास्त छर्ऱ्यांवर वाटला जातो. ती मला इथे मिळाली नाहीत. बेरिंगवाल्याने काउंटरवरून विचारलं, "ह्या खंयच्या पंपाचा?" सायकलचं म्हटल्यावर त्याने मान वर केली, मग आतून चांगल्या कंपनीची दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली, २आरएस, काढून दिली, आणि मी निघताना म्हणाला की बसवून झाल्यावर सायकल एकदा दाखवायला आण.

ती साधी बेरिंगं पिव्हटसाठी कशी तयार करायची तर सील टाचणीने हळूच कडेने उचलायचं, बाहेरच्या कडेने नाही, आतल्या कडेने, म्हणजे सीलची बाहेरची कड दुमडत नाही. आतलं ग्रीस बघितलं तर साधारण एक तृतीयांशच भरलेलं असतं, कारण ते बेरिंग मिनिटाला हजारो वेळा फिरण्यासाठी बनवलेलं आहे, खच्चून भरलं तर तापेल. आपलं बेरिंग तापायचा प्रश्नच नाही. म्हणून मी ते धुऊन काढलं, वाळवलं आणि होडीच्या कामाला वापरतात ते पाण्याला दाद न देणारं ग्रीस बोटाने दाबून दाबून भरलं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत, आणि मग सील परत बसवलं. आता आत पाण्याला जागाच नाही. संध्याकाळी पडवीत बसून हे करताना फार छान वाटतं. एक-एक छर्रा दिव्याखाली चमकताना दिसतो, ग्रीस भरलं की दिसेनासा होतो.

जुनी बेरिंगं काढायला सुंबा म्हणजे लोखंडी पंच आणि हातोडी. मुख्य पिव्हटमध्ये दोन बेरिंगांच्या मधे एक नळी असते, ती जराशी बाजूला सरकवली की पलीकडच्या बेरिंगाच्या आतल्या रेसची, म्हणजे आतल्या कड्याची, कड उघडी पडते, तिथे सुंबा टेकवायचा आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं हळूहळू ठोकायचं. बसलेलं असेल तर आधी उकळतं पाणी ओतायचं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे तेवढ्या गरमीनेही पकड सैल होते. ज्योत लावायची नाही, अजिबात नाही. ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमला जी ताकद आलेली असते ती कारखान्यात साधारण १६० ते १८० अंशांवर तासन्‌तास ठेवून आणलेली असते, त्याच्यावर बेहिशोबी तापवलं तर धातू मऊ पडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

बसवण्यासाठी प्रेस लागतो. विकत घेतला तर महाग, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ८ एमएमचा थ्रेडेड रॉड, दोन नट आणि जाड वायसर घेतले. पण वायसरने थेट दाबलं की जोर आतल्या रेसवरही जातो, तो छर्ऱ्यांमधून बाहेरच्या रेसला पोचतो आणि नव्या बेरिंगला पहिल्याच दिवशी खाचा पडतात. लेथवाले काका हे माझ्या आधी बोलले, "बाहेरच्या रेसारच दाब पडाक होयो." मग त्यांनी ॲल्युमिनियमच्या बारमधून एक गोल तुकडा टर्न करून दिला, बाहेरचा व्यास साडेसत्तावीस, म्हणजे २८ च्या भोकात अडकणार नाही, आणि समोरच्या तोंडाला मधे खोलगट, म्हणजे आतल्या रेसला आणि सीलला स्पर्शच नाही. दुसरा तसाच ६९०० साठी, साडेएकवीसचा. व्हर्नियर लावून तीन-तीनदा मोजत होते. पैसे विचारले तर म्हणाले आधी बसता काय बघ. बेरिंगं आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवली होती, बांगड्यांच्या डब्याशेजारी, म्हणजे ती किंचित आकसतात. नट आवळत गेलो, बेरिंग सरळ आत जातंय हे पान्ह्याला लागणाऱ्या एकसारख्या जोरावरून कळतं, तिरकं चाललं असेल तर जोर एकदम वाढतो. शेवटी तळाला टेकलं की पान्हा ठाम थांबतो. बोट घालून फिरवलं. कुठेही अडकलं नाही. सगळी बसल्यावर मागचा ट्रँगल नुसता उचलून सोडला तर तो आपल्या वजनाने सावकाश, एकसंध खाली आला.

शॉकच्या बाबतीत घरी खोलता येण्याचा माझा नियम अर्धाच चालतो. माप २०० बाय ५१, म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमध्ये २०० एमएम आणि आत जाणार ५१. २०१६ पासून मेट्रिक मापं आली आणि जुन्या, इंचांवरून आलेल्या मापाचे शॉक कमी होत चाललेत, म्हणून जुनी फ्रेम घ्यायची तर शॉकसकटच घ्या. चाक १३० एमएम वर येतं तेव्हा शॉक ५१ दबतो, म्हणजे साधारण अडीचास एक. याचा अर्थ शॉक फ्रेमला जिथे बसतो तिथल्या बुशमध्ये अर्धा एमएम ढिलाई असेल तर मागच्या चाकाला सव्वा एमएम. तिथली ढिलाई लहान म्हणून सोडून देता येत नाही, आणि ती बुश काकांनी नव्याने बनवली. हवेचा भाग मी घरीच खोलला. सगळी हवा सोडायची, खात्री करायची, परत खात्री करायची, मग कॅन म्हणजे हवेची बाहेरची नळी फिरवून उतरवायचा, सील बदलायची, काळं झालेलं तेल पुसून नवीन घालायचं. पण शॉकची हालचाल आवरणाऱ्या डॅम्परच्या भागात दाबाखाली नायट्रोजन असतो, तो घरी उघडायचा नाही, तेवढ्यासाठी शॉक पुण्याला पाठवावा लागला. सायकलमधला हा एकच भाग माझ्या हाताबाहेरचा आहे आणि ते मला खरोखर खटकतं.

बाकीचं भराभर सांगतो. पॅडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, ७३ एमएमचा, प्रेस फिट म्हणजे नुसता दाबून बसवलेला नाही, त्यामुळे कटकट नाही. कप बसवायला पान्हा आणायला बाजारपेठेतल्या जुन्या सायकलवाल्यांकडे गेलो तर ते लगेच म्हणाले, "उजवीकडचो कप उलटो हा, ध्यानात ठेव." म्हणजे त्याचे आटे उलटे. काळ्या सायकलीलाही तसंच असतं, त्यांना हे माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत. गिअर शिमानो डिओरे, ११ स्पीडचे, कारण ११-५१ ची त्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, जुन्या एचजी जातीच्या फ्रीहबवर, म्हणजे हबच्या ज्या भागावर ती चढते त्यावर, बसते आणि १२ स्पीडसाठी वेगळा फ्रीहब घ्यावा लागला असता. ब्रेक मिनरल ऑइलवाले. ब्रेकचं दुसरं तेल, डॉट ऑइल, हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुलैत जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे ते मला नको होतं. फोर्क सेकंड हँड, १४० एमएमचा, टेपर्ड म्हणजे वरची नळी खाली जाड होत गेलेली. ती नळी, म्हणजे स्टीअरर, कापायचा दिवस तेवढा मनावर ओझं होतं, कारण कापलेला परत जोडता येत नाही, म्हणून वर दोन जास्तीचे स्पेसर ठेवून कापला. चाकांचा आउट त्याच सायकलवाल्यांनी काढून दिला. पिव्हटच्या बोल्टांना ते आपोआप सुटू नयेत म्हणून निळं थ्रेडलॉक, बाकी सगळ्या बोल्टांना ग्रीस, आणि टॉर्क रेंच मित्राकडून मागून आणलेला.

उभी राहिली तेव्हा साडेचौदा किलोच्या आसपास भरली. हलकी नाही. मला चालतं.

सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते, लावायला वेळ द्या, घाई करू नका. शॉक पंपाने साधारण ५० पीएसआय भरायचं, सायकल दहा-बारा वेळा दाबायची म्हणजे आतल्या निगेटिव्ह चेंबरमध्येही हवा जाते, मग परत ५०, असं चढत जायचं. नेहमीचे कपडे, पाण्याची बाटली, पाठीवरची सॅक सगळं घेऊन बसायचं, उड्या न मारता उतरायचं आणि शॉकवरची रबरी रिंग कुठे सरकली ते मोजायचं. ५१ च्या ३० टक्के म्हणजे १५ एमएम. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग, मी मात्र घरी लावत नाही, घाटीवर लावतो. आमच्या मागच्या घाटीला सलग पायऱ्या आहेत. रिबाउंड फार सावकाश ठेवला तर एका पायरीतून शॉक सुटून वर यायच्या आत दुसरी पायरी येते, तिसऱ्या-चौथ्याला तो खालीच बसलेला असतो आणि पुढचे धक्के थेट पाठीत. फार जलद ठेवला तर मागचं चाक ढकलून देतं. एक-एक क्लिक फिरवत, वर चढत, परत उतरत, मधे पाण्याची कळशी घेऊन येणाऱ्या काकींना वाट देत, एका जागी आलं की कळतं. पायऱ्या त्याच, आवाज वेगळा. टायरचा फक्त, फ्रेमचा काहीच नाही.

मग सड्यावर गेलो. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या बाजूला कातळ लांबच लांब आहे. तिथे एक गोष्ट प्रत्येकाने पाळायला हवी, कातळशिल्पांच्या जवळपास चाक न्यायचं नाही, सायकल लांब आडवी ठेवायची आणि चालत जायचं. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, पण यादीत नसती तरी तेच. तसंच पावसाळ्यात मी सड्यावर सायकल नेतच नाही. शेवाळ असतं हे एक, आणि त्या महिन्यांत तिथे पायाखाली सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू फुलतं, इवलीइवली, कातळावरच्या बोटभर मातीत, त्यावरून दोन इंची टायर फिरवायचा माझा जीव होत नाही. म्हणून होड्या वर येतात तेव्हा माझीही सायकल पडवीत उलटी टांगलेली असते, शॉक काढलेला, पिव्हट खोललेले, बेरिंगांची सीलं उचललेली. मागच्या खेपेस ६९०२ च्या आत ग्रीस होतं तसंच निघालं, फक्त कडेला किंचित करडं झालेलं. बेरिंगवाल्याला सायकल दाखवायला नेली तेव्हा हे त्यालाही सांगितलं, तर त्याने दुकानाबाहेर येऊन खाली वाकून आधी पिव्हटच बघितला.

आता देवगडच्या एका मुलाने अशीच फ्रेम घेतलीय, बेरिंगं गेलेली, आणि वेंगुर्ल्याच्या एकाला घ्यायचीय. काकांनी करून दिलेले दोन्ही तुकडे माझ्याकडे आहेत, ६९०२ चा आणि ६९०० चा, नेऊन वापरून परत आणून द्या. थ्रेडेड रॉड तुमचा आणा, माझ्या रॉडचे आटे आता थोडे झिजलेत. आणि तुमच्या फ्रेमचा नंबर वेगळा असेल, ६८०२ वगैरे, तर बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून घेऊन चला, काका सकाळी दहाच्या आधी मोकळे असतात.